रक्त नजरेनं मोजलं की पिशवीत?

मधुमेहावरच्या काढ्याची जाहिरात निपाणीपासून खानापूरपर्यंत मोबाइलवर फिरते आणि तळाशी एक ओळ असते : ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्ध’. एवढ्यावर विसंबून कुणी चालू गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. म्हणून संशोधनाचा निबंध जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, छापण्याआधीची चाळणी, म्हणजे पिअर रिव्ह्यू, कशी चालते ते कळायला हवं.

निबंध आला की जर्नलचं कार्यालय आधी एथिक्स कमिटीची (प्रयोगात रुग्णांचं हित जपलं जातंय का ते पाहणाऱ्या समितीची) मंजुरी, रुग्णांची संमती आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक पाहतं. मग संपादक वाचतो. मोठ्या जर्नलमधले बरेच निबंध इथूनच परत जातात. उरलेले त्याच विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे जातात. हे काम बहुधा बिनपैशाचं असतं.

हा तज्ज्ञ काय शोधतो? बेळगावचंच उदाहरण घेऊ. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर केलेली चाचणी २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण झालं की नर्सबाई रक्तस्राव आवरणारं औषध मिसोप्रोस्टॉल (६०० मायक्रोग्रॅम) किंवा हुबेहूब दिसणारी औषधाविना गोळी देत. ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव. त्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे साधारण १८ जणींना औषध दिलं की एकीचा अतिरक्तस्राव टळला.

असा निबंध हाती आला की जाणता परीक्षक विचारेल : रक्त मोजलं कसं? नजरेचा अंदाज फसवा असतो. बेळगावातच केलेल्या तुलनेत तो, रक्त पिशवीत गोळा करून घेतलेल्या मापापेक्षा ३३ टक्के कमी भरला. म्हणजे खरं ६०० मिलिलिटर गेलेलं रक्त डोळ्यांना ४०० वाटणार आणि ती बाई ‘ठीक’ म्हणून नोंदली जाणार. शिवाय मिसोप्रोस्टॉलनं थंडी वाजून अंग कापतं. कुणाला खरी गोळी मिळाली हे नर्सबाईंनी त्यावरून ओळखलं, तर नकळत त्यांचा अंदाज औषधाच्या बाजूनं झुकेल. म्हणून या चाचणीत बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरली होती. पिशवीतला आकडा कुणाच्या मनाप्रमाणे हलत नाही. छापील निष्कर्षाचं बळ बरंचसं या साध्या पिशवीत आहे, आणि चांगलं परीक्षण नेमकं अशा जागी बोट ठेवतं.

मग संपादक निबंध नाकारतो किंवा दुरुस्त्या मागतो. प्रत्येक आक्षेपाला क्रमानं लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि सुधारित मसुदा पुन्हा तपासला जातो. यात महिने जातात. पैसे भरले की चार दिवसांत ‘स्वीकृत’ कळवणाऱ्या जर्नलांत यातलं काहीच होत नाही.

ही चाळणी गळतेही. १९९८ च्या एका प्रयोगात एका निबंधात मुद्दाम ८ चुका पेरून तो परीक्षकांकडे पाठवला. प्रत्येकाला सरासरी दोनच सापडल्या. मूळ केसपेपर तर परीक्षक सहसा पाहतच नाही. २०२० साली ‘लॅन्सेट’नंच कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध दोन आठवड्यांत मागे घेतला, कारण त्यामागच्या माहितीची स्वतंत्र तपासणी होऊ शकली नाही.

काढ्याच्या जाहिरातीत चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते : किती रुग्ण घेणार होते आणि काय मोजणार होते. नोंदीत तीन महिन्यांची सरासरी साखर मोजू असं लिहून निबंधात फक्त ‘रुग्णांना बरं वाटलं’ एवढंच आलं असेल, तर साखरेचे आकडे कुठे गेले, हे विचारा.