स्थलांतरित घरातील किशोरांची प्रेमकादंबरी

परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलामुलींचे पहिले प्रेम आणि त्यांच्याकडून असलेल्या घरच्या अपेक्षा या विषयावरील कादंबऱ्यांचा प्रकार. अमेरिकेत तो 'यंग अ‍ॅडल्ट' पुस्तकांत, म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठीच्या साहित्यात मोडतो आणि तिथेच तो सर्वाधिक बहरला आहे.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतरितांना देशवार कोट्याने प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. त्यानंतर आशियातून डॉक्टर, इंजिनिअर आणि त्यांच्यामागून त्यांचे नातेवाईक येऊ लागले. त्यांची तिथे जन्मलेली मुले वाचू लागली, तेव्हा पुस्तकांतली घरे त्यांच्या घरासारखी नव्हती. पुस्तक मुलांसाठी खिडकी असावे तसे आरसाही असावे, ही बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांची १९९० मधली मांडणी या संदर्भात आजही सांगितली जाते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या चळवळीने ही मागणी प्रकाशकांच्या दारात नेली. पुढच्या चार-पाच वर्षांत अशा कादंबऱ्यांची रीघ लागली.

त्याआधीच्या पुस्तकांत मिताली पर्किन्स यांची सुनीता सेनची गोष्ट (१९९३) आवर्जून वाचावी अशी आहे. भारतातून आजी-आजोबा वर्षभरासाठी कॅलिफोर्नियात राहायला येतात आणि सुनीताची आई एकाएकी बदलते. नोकरी बाजूला ठेवते, रोज साडी नेसू लागते, आणि मुलग्यांनी घरी यायचे नाही असे लेकीला बजावते. सुनीताला आवडणारा वर्गमित्र त्यात सापडतो. इथे मुलीवर बंधने घालणारी आई स्वतःच आपल्या आईवडिलांपुढे 'चांगली मुलगी' ठरण्यासाठी धडपडते आहे. या प्रकारातल्या उत्तम पुस्तकांचे मर्म त्यातच आहे. ती आईवडिलांना खलनायक करत नाहीत, त्यांनाही त्यांची स्वतःची गोष्ट देतात.

तनुजा देसाई हिडियर यांच्या 'बॉर्न कन्फ्यूज्ड' (२००२) मध्ये न्यू जर्सीतली डिंपल लाला घरच्यांनी चहाला बोलावलेल्या मुलाला मनातल्या मनात नापास करते, कारण तो घरच्यांना पसंत असतो. मग तोच मुलगा न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये डीजे म्हणून समोर येतो आणि तिची पंचाईत होते. 'एबीसीडी', म्हणजे 'अमेरिकेत जन्मलेला गोंधळलेला देसी', या टिंगलीच्या शब्दाला या पुस्तकाने शीर्षकातच जागा दिली. संध्या मेनन यांच्या २०१७ च्या लोकप्रिय कादंबरीची नायिकाही डिंपलच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या उन्हाळी वर्गात रिषी पटेल भेटताक्षणी तिला भावी पत्नी म्हणून हाक मारतो. घरच्यांनी स्थळ ठरवले आहे हे त्याला ठाऊक असते, तिला नसते. ती हातातली आईस्ड कॉफी त्याच्यावर फेकते आणि पळत सुटते. प्रसंग मजेचा आहे. तरी शेवटी आईवडिलांनी निवडलेलेच स्थळ योग्य ठरते, ही सोय जरा फारच गोड वाटते. आयेशा सईद यांच्या 'रिटन इन द स्टार्स' (२०१५) मध्ये सुटीसाठी पाकिस्तानात नेलेल्या नायलाचे बळजबरीने लग्न लावले जाते. पाहून-सवरून ठरवलेले लग्न आणि जबरदस्तीचे लग्न यांतला फरक कळण्यासाठी ही दोन्ही पुस्तके जोडीने वाचायला हवीत.

हा प्रकार केवळ भारतीयांचा नाही. डेव्हिड यून यांच्या 'फ्रँकली इन लव्ह' (२०१९) मध्ये कोरियन घरातले फ्रँक आणि जॉय प्रेमाचे नाटक करतात, कारण दोघांची खरी माणसे कोरियन नसतात. फ्रँकची बहीण कृष्णवर्णीय मुलावर प्रेम केल्यामुळे घराला पारखी झालेली असते. फ्रँकचे कोरियन तोडके, आईवडिलांचे इंग्रजी तोडके. मनातले सांगायचे म्हटले तरी दोघांना पुरेल एवढी भाषाच नाही. माझ्या मते या कादंबऱ्यांतला सर्वांत खोल पेच हाच आहे. बापाशी भांडायलाही आधी त्याची भाषा यावी लागते.

एलिझाबेथ असेवेदो यांची 'द पोएट एक्स' (२०१८) कवितांतून लिहिलेली आहे. हार्लेममधली, डोमिनिकन आईवडिलांची लेक शिओमारा वहीत कविता लिहिते आणि ती वही आई जाळते. याच आईला कधीकाळी नन व्हायचे होते. अमेरिकेला जाता यावे म्हणून तिचे लग्न लावण्यात आले होते. हे कळल्यावर तो जाळ विसरता येत नाही, पण आईचा नुसता रागही करता येत नाही. या पुस्तकाला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

मराठीत शाळकरी वयातल्या पहिल्या प्रेमाची कादंबरी म्हटले की मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आठवते. आणीबाणीच्या काळातल्या मुकुंदलाही घराची आणि शाळेची भीती आहे, पण घराबाहेर पडल्यावर त्याला भाषा बदलावी लागत नाही. मेनन यांच्या कादंबरीवरून नेटफ्लिक्सने २०२० मध्ये 'मिसमॅच्ड' ही हिंदी मालिका केली, तेव्हाही असेच झाले. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीने साकारलेली डिंपल जयपूरला शिकायला जाते. स्थळ राहिले, कॉफी राहिली, आईची घाईही राहिली. फक्त इथे आई आणि लेक एकाच भाषेत भांडतात.