नुसकान, आक्स आणि गांधीलमाशी

अतिवृष्टीनंतर पंचनाम्यासाठी तलाठी बांधावर आले, की यवतमाळकडच्या गावांमध्ये "साहेब, पऱ्हाटीचं लय नुसकान झालं" हे वाक्य हमखास कानी पडते. कागदावर मात्र 'नुकसान' असेच लिहिले जाते. मूळ अरबी शब्दात क आधी आणि स नंतर आहे, त्यामुळे कागदावरचे रूप मुळाला धरून आहे हे खरे. परंतु बांधावरचे रूप अडाणीपणातून जन्मले, ही समजूत मला मान्य नाही.

इंग्रजीतही नेमके हेच दोन वर्ण जागा बदलतात. 'विचारणे' या अर्थाचा 'आस्क' हा शब्द कुणी 'आक्स' असा उच्चारला, की इंग्रजीच्या शुद्धतेबद्दल दक्ष असणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आणि कॅरिबियन बेटांवरील बोलींमध्ये हा उच्चार रूढ असल्याने या नापसंतीचा रोख बहुतेक वेळा त्यांच्यावरच असतो. वास्तविक हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन्ही रूपे नांदत होती. १४०० साली निधन पावलेल्या चॉसर या कवीच्या लेखनात 'आक्स' आढळते. इतकेच नव्हे, तर १५३५ सालच्या, इंग्रजीतील पहिल्या संपूर्ण छापील बायबलमध्ये "मागा म्हणजे तुम्हांस दिले जाईल" या वचनाचा पहिलाच शब्द 'आक्स' असा आहे. पुढे प्रमाण लेखनात 'आस्क' स्थिरावला आणि 'आक्स' बोलींपुरता उरला.

वर्णांच्या या अदलाबदलीला वर्णविपर्यय म्हणतात. स हा लांबत जाणारा, फुत्कारासारखा ध्वनी आहे, तर क हा क्षणात फुटून संपणारा. दोन्ही लागून आले, की ते दोन्ही आहेत हे कानाला कळते, पण आधी कोणता आणि नंतर कोणता, याची खूणगाठ तितकी पक्की बसत नाही. बोलायला शिकणारे मूल क्रम उलटा धरू शकते, आणि भोवतालचे सगळेच तसे बोलत असतील, तर तोच क्रम पिढ्यानपिढ्या टिकतो. र हा वर्णही असाच सरकतो. आजचा 'बर्ड' पूर्वी 'ब्रिड' होता.

मी मुलांना शिकवतो. अर्जात 'नुकसान' लिहा, असे त्यांना आवर्जून सांगतो, कारण अर्जाची भाषा सर्व जिल्ह्यांना सारखी समजावी लागते. पण घरून 'नुसकान' घेऊन आलेल्या मुलाला वर्गात हसले गेले, तर ते मूल पुन्हा हात वर करत नाही, हे मी पाहिले आहे.

गांधीलमाशीला इंग्रजीत 'वास्प' म्हणतात. या शब्दात मुळात प आधी होता आणि स नंतर. जुन्या इंग्रजीत 'वॅप्स' असे रूप सापडते. म्हणजे येथेही वर्ण उलटलेच, फक्त या वेळी उलटलेले रूप प्रमाण ठरले, आणि 'आक्स' खटकणारी माणसेही तोच शब्द रोज वापरतात.