घरगुती स्टोरेज सर्व्हर : जुन्या संगणकाचा पुनर्वापर

वापरातून गेलेल्या डेस्कटॉपला किंवा लॅपटॉपला मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क जोडायच्या, तो राउटरपाशी कायम चालू ठेवायचा आणि घरातल्या सगळ्या फोन, लॅपटॉप व टीव्हींना त्यावरच्या फायली पुरवायच्या, अशी ही रचना असते. मांडणी झाली की मॉनिटर आणि कीबोर्ड काढून ठेवतात. पुढचा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालतो. याच कामाच्या तयार पेट्या सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्या विकतात. ज्याला स्क्रू खोलायचे नाहीत त्याने त्याच घ्याव्यात.

जुने यंत्र पुरते, कारण फाइल पुरवताना प्रोसेसरला फारसे काम नसते. वेग अडतो तो केबलपाशी. १०० मेगाबिटच्या लॅन पोर्टमधून सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट जातात, गिगाबिट पोर्टमधून ११०च्या आसपास. म्हणून माळ्यावरून काढलेल्या संगणकाचा आधी लॅन पोर्ट पाहावा, प्रोसेसरचे नाव नंतर. चित्रपट चालता चालता टीव्हीला झेपेल अशा स्वरूपात बदलून द्यायचा असेल, तरच प्रोसेसरची पिढी महत्त्वाची ठरते. १० बिटचा एचईव्हीसी (व्हिडिओ आवळून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओ पूर्णपणे हार्डवेअरवर हाताळण्याची सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली.

या प्रकाराची मुळे स्वस्त सामानातच आहेत. १९८८ साली बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तीच मुळी एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीच्या अनेक छोट्या डिस्क एकत्र वापरण्याची होती. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास लिहायला घेतलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमुळे युनिक्स-लिनक्सच्या यंत्रातल्या फायली विंडोजला दिसू लागल्या. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीवर बेतलेली फ्रीनॅस ही प्रणाली आणली आणि हे सगळे ब्राउझरमधून क्लिक करण्याइतके सोपे झाले. तिचाच वारसा आज ट्रूनॅस या नावाने चालतो. फोल्कर थाइले यांनी डेबियन या लिनक्सवर उभी केलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही तशीच प्रणाली दुसऱ्या बाजूने वाढली. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते, ओपनमीडियाव्हॉल्ट फार कमी रॅमवरही चालते; खरोखर जुन्या यंत्रासाठी दुसरीच बरी. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पहिल्या घटनेने घरच्या साठवणीची गरज वाढवली, दुसरीने धडधाकट संगणक मोकळे केले.

जुने काय ठेवायचे आणि नवे काय घ्यायचे, हा या कामातला कळीचा निर्णय. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम जुनी चालते. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र वर्षानुवर्षे तापून निघालेला असतो, त्याचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि तो गेला तर सोबत डिस्कही नेऊ शकतो. डिस्क वाढल्या की त्यांना वीज देणाऱ्या सॅटा प्रकारच्या पिना कमी पडतात; तेव्हा जुन्या मोलेक्स पिनेतून सॅटा काढणारे साच्यात ओतलेले स्वस्त जोड लावू नयेत, ते आतून शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणे कमी नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल न चुकता बदलावा. तो संपला की बायॉसमधल्या (यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधल्या) सेटिंग पुसल्या जातात, वीज जाऊन आल्यावर यंत्र ‘एफ१ दाबा’ म्हणत थांबते, आणि मॉनिटर नसल्यामुळे ते कोणाला कळतही नाही. वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय याच बायॉसमध्ये असते. महाराष्ट्रातल्या गावांत ती पहिल्या दिवशीच चालू करण्याजोगी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड इथे कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे डेस्कटॉप मिळतात. ते दणकट असतात, पण त्यांत साडेतीन इंची डिस्कला जागा एखाद-दुसरीच असते आणि अनेकांचा एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचा असतो, त्यामुळे बाजारातला साधा बसत नाही.

डिस्कच्या बाबतीत काटकसर अंगलट येते. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या डिस्क स्वस्तात विकल्या जातात, पण त्या वर्षानुवर्षे रात्रंदिवस फिरलेल्या असतात. कुठलीही वापरलेली डिस्क घेताना तिची ‘स्मार्ट’ नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचावी: चालू राहिल्याचे तास, बदललेले सेक्टर आणि वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर. शेवटच्या दोन आकड्यांत शून्याखेरीज काही दिसले तर डिस्क परत द्यावी. तासांचा आकडा पुसून विकलेल्या डिस्कही असतात, म्हणून त्या एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे लिखाणाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेल्या, डिस्क रेड पुन्हा बांधताना फार मंदावतात. जुना बायॉस २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरून सहसा सुरू होत नाही, पण लिनक्स एकदा चालू झाले की तीच डिस्क साठवणीला व्यवस्थित वापरते. त्यामुळे प्रणाली छोट्या एसएसडीवर ठेवणे हा सोपा उपाय.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवली, म्हणजे रेडमधला मिरर हा प्रकार वापरला, की एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. एवढ्यावर निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही दोन्हींवर एकदमच चालते. रेडने खंड टळतो. बॅकअप वेगळाच करावा लागतो, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी असावी. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली झेडएफएस ही फाइल प्रणाली डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते आणि मुकाट्याने बिघडलेला डेटा ओळखते. मिरर असेल तर तो दुरुस्तही करते. तिच्यासाठी ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका ओळखून सुधारणारी रॅम) हवीच, हा समज मात्र चुकीचा. असली तर उत्तम, नसली तरी इतर फाइल प्रणालींपेक्षा धोका वाढत नाही.

‘फुकटचा सर्व्हर’ हे वर्णन विजेच्या बिलापाशी कोलमडते. ६० वॅट खाणारे यंत्र चोवीस तास चालले तर दिवसाला १.४४, महिन्याला सुमारे ४३ आणि वर्षाला ५२५ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचे ४,२०० रुपये. त्यात महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणजे ही वाढीव युनिटे घरच्या वापरातल्या सर्वांत महाग टप्प्यात पडतात. पेंटियम ४ च्या काळातली यंत्रे म्हणूनच भंगारातच शोभतात. निवांत असताना १०-१५ वॅटवर राहणारा वापरलेला मिनी पीसी थोडे पैसे मोजूनही शेवटी स्वस्त पडतो. जुन्या लॅपटॉपला बॅटरीमुळे यूपीएस आयताच मिळतो, पण कायम चार्जिंगवर राहून ती फुगते आणि डिस्क यूएसबीवर टांगाव्या लागतात. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावाच, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडावी, म्हणजे बॅटरी संपत आल्याचे कळून यंत्र स्वतः नीट बंद होते.

घराबाहेरून फायली पाहण्यासाठी राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडणे धोक्याचे आहे. सांबा आणि विंडोज फायली देण्याघेण्यासाठी वापरतात त्या एसएमबी या पद्धतीची जुनी १ ही आवृत्ती तर घरातही बंद ठेवावी. मे २०१७ मधले वॉनाक्राय हे रॅन्समवेअर विंडोजमधल्या त्याच आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरले. भारतातल्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही बहुधा उपयोग नसतो. वायरगार्ड या व्हीपीएनवर (इंटरनेटमधून काढलेल्या खासगी, सांकेतिक वाटेवर) आधारलेल्या टेलस्केलसारख्या सेवा ही अडचण ओलांडतात, आणि पुण्यातल्या कपाटात ठेवलेला सर्व्हर परदेशातल्या मुलाच्या फोनला घरच्याच जाळ्यात असल्यासारखा दिसतो. वेग मात्र पुण्याच्या जोडणीच्या अपलोडएवढाच मिळतो.