साठवण उपकरणांची ओळख (संगणक)

संगणकाला जोडलेले उपकरण हार्ड डिस्क आहे, पेन ड्राइव्ह आहे की डीव्हीडी, हे ठरवून त्याला वर्ग आणि नाव देण्याची ऑपरेटिंग सिस्टिमची रीत. वस्तू कशी दिसते याच्याशी सिस्टिमला कर्तव्य नसते. उपकरण स्वतःबद्दल काय सांगते आणि कोणत्या वाटेने आले, यावर सारे ठरते.

पेडण्याच्या जत्रेतील दशावतारी नाटकाचे चित्रीकरण संगणकावर उतरवताना हे सहज दिसते. कॅमेऱ्यातले एसडी कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घातले, तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बहुधा 'एमएमसीबीएलके०' म्हणते. तेच कार्ड यूएसबी रीडरमधून आले की 'एसडीबी' किंवा 'एसडीसी' होते. कार्ड एकच, वाट वेगळी.

यूएसबी साठवण उपकरण आधी आपला वर्ग, ०८, कळवते. मग 'इन्क्वायरी' या स्कझी (साठवण उपकरणांशी बोलण्याची ठरलेली भाषा) आज्ञेच्या उत्तरात प्रकार येतो: ० म्हणजे डिस्क, १ टेप, ५ सीडी-डीव्हीडी. माध्यम काढता येते की नाही, हे सांगणारा एक बिटही त्यातच असतो. बहुतेक पेन ड्राइव्ह 'हो' म्हणतात, तर पिशवीतून नेली जाणारी यूएसबी हार्ड डिस्क 'नाही' म्हणते आणि विंडोजमध्ये 'फिक्स्ड' ठरते. ऐकायला विचित्र, पण प्रश्न आतल्या माध्यमाचा आहे, डबीचा नव्हे. याचे परिणामही होत: १७०३ आवृत्तीच्या आधीचे विंडोज १० काढत्या माध्यमावरचे पहिलेच पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) दाखवी.

तबकडी फिरते की नाही, हेही उपकरणालाच विचारले जाते. साटा (संगणकातली डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्क आपला फिरण्याचा वेग कळवते. तिथे १ आला तर ती एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. डिस्क बसवायच्या यूएसबी पेटीतला अडाप्टर हे उत्तर पुढे पोचवतोच असे नाही, त्यामुळे लिनक्समध्ये पेटीतली एसएसडी कधीकधी फिरती डिस्क म्हणून नोंदली जाते.

विंडोजमधली मुख्य डिस्क 'सी' असते, कारण 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती.

लिनक्समधली 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे सापडण्याच्या क्रमाने मिळतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. म्हणून कायमच्या जोडणीसाठी फाइल सिस्टिमचा (डिस्कवरच्या फायलींच्या मांडणीचा) १२८ बिटांचा यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, वापरणेच शहाणपणाचे. मात्र डिस्कची हुबेहूब प्रत काढली की यूयूआयडीही जसाच्या तसा उतरतो. विंडोजमध्ये सारख्याच सहीच्या (डिस्कवर नोंदलेल्या ओळख क्रमांकाच्या) दोन डिस्क एकदम जोडल्या, तर दुसरी 'ऑफलाइन' ठेवली जाते.