घडीचा चाकू

पाते मुठीच्या खोबणीत मिटवून खिशात बाळगता येतो असा लहान चाकू. बोलीत याला फोल्डिंगचा चाकू किंवा खिशातला चाकू म्हणतात. मिटल्यावर धार मुठीत झाकली जाते, म्हणून म्यान लागत नाही. विळी स्वयंपाकघर सोडत नाही, कोयता शेताच्या आसपास राहतो. हा चाकू मात्र माणसाबरोबर हिंडतो. पार्सलची पट्टी कापणे, सुतळी तोडणे, पेरूच्या फोडी करणे, पेन्सिलीला टोक काढणे ही त्याची रोजची कामे. चाकू चांगला की वाईट हे याच कामांवरून ठरते. दुकानाच्या काचेमागचे चाकू मात्र बहुतेक वेळा वाघाशी झुंजायला निघाल्यासारखे दिसतात.

मिटणारे पाते ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० या काळातला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक रोमन हत्यार आहे; त्यात पात्याबरोबर चमचा आणि काटाही मिटतो. या जुन्या चाकूंत स्प्रिंग नव्हती. खिळ्याभोवतीच्या घर्षणावर आणि धरणाऱ्याच्या मुठीवर पाते थांबे. पाठीला पट्टीची स्प्रिंग असलेला चाकू सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी रुळवला.

पिसाच्या लेखणीला टोक काढणारा म्हणून इंग्रजीत त्याला पेननाइफ हे नाव पडले. आपल्याकडे बोरूचेही तेच होते. टोक तिरके छाटायचे, मधोमध चीर द्यायची आणि लिहिता लिहिता झिजले की पुन्हा तासायचे. अशा चाकूला फारसीत कलमतराश म्हणत. ‘चाकू’ हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला. गंमत अशी, की मराठीत कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे झाडाचेही कलम, आणि दोन्हीकडे काम याच जातीच्या चाकूचे. कोकणातल्या रोपवाटिकेत कोय कलम बांधताना कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, बुंध्याला उभी चीर देतात आणि हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखी करून त्या चिरेत बसवतात. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळली की काम झाले. काडीवरचा प्रत्येक छेद एकाच ओढीत, गुळगुळीत उतरावा लागतो. पाते बोथट असेल तर साल चुरगळते आणि कलम जीव धरत नाही. धारेची यापेक्षा कडक परीक्षा कुठल्याही यंत्रावर होत नसेल.

रचना

पाते, मूठ, दोघांना जोडणारा खिळा आणि पाते जागेवर धरणारी काहीतरी युक्ती, एवढाच हा संसार. चाकूंच्या जाती या युक्तीवरूनच पडतात. सर्वांत साध्या जातीत पाठीची स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते. जोर लावला की पाते मिटते, म्हणजे त्याला कुलूप नसते. आजोबांच्या पिढीकडे असायचा तो बहुधा हाच. दुसऱ्या जातीत स्प्रिंगच्या जागी पाठीवर एक तरफ असते; तिचे नाक पात्याच्या खाचेत अडकते आणि मुठीच्या पाठीवर दाबल्याखेरीज सुटत नाही. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली आणलेल्या ११० क्रमांकाच्या चाकूने ही जात घरोघर नेली. तो दणकट आहे, पण मुठीच्या टोकांवरच्या पितळी टोप्यांमुळे इतका जड, की पँटच्या खिशात तो असल्याचा विसर पडत नाही. तिसऱ्या जातीत मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टीच बाजूने सरकून पात्यामागे उभी राहते. हिचे आजचे रूप अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या सुमारास बसवले आणि सध्याचे बरेच चाकू तिच्यावर चालतात. १९८१मध्ये स्पायडर्को कंपनीने पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप दिली. तेव्हापासून चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर खुळखुळायचा थांबला आणि खिशाच्या काठाला लटकू लागला.

कुलपाबद्दल एक सांगायला हवे. ते चुकून पाते मिटू नये यासाठी असते, चाकू टिकावासारखा वापरता यावा म्हणून नव्हे. बोटे कापली जातात ती बहुधा टोक कशात तरी खुपसून पिळताना.

तीन नमुने

फ्रान्सच्या आल्प्समधील साव्हुआ प्रांतात जोझेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९० साली शेतकऱ्यांसाठी एक चाकू केला. गोल लाकडी मूठ, तिला उभी खाच, त्यात पाते आणि तोंडाशी लोखंडी कडे. १८९७मध्ये त्याने १ ते १२ अशी मापे ठरवली; पुढे १ आणि ११ बंद झाली. पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात अशी निशाणी असते. १९५५ साली तोंडाशी फिरते कडे आले. ते फिरवले की मुठीची खाच बंद होते आणि पाते मिटू शकत नाही. आठ नंबरच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड असते, आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आतच. या नोंदीत नावे घेतलेल्या चाकूंपैकी फळ चिरायला याच्याइतका सरस दुसरा नाही, आणि त्याचे सगळे श्रेय त्या पातळपणाला आहे. दोष एकच, आणि तो आपल्या हवेत जास्त जाणवतो. बीच झाडाचे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि पाते खाचेत असे रुतते, की नख मोडेल पण उघडणार नाही. अशा वेळी साव्हुआचे लोक कडे मोकळे करून मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात, म्हणजे पाते बोटभर बाहेर येते.

जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी गावचा हिगोनोकामी याहून साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्याच्या बुडाला आलेली शेपटी. अंगठा त्या शेपटीवर दाबून ठेवायचा, तेच कुलूप. १८९०च्या दशकात सुरू झालेला हा चाकू पुढे जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिल तासायला असे. १९६० साली टोकियोत भर सभेत समाजवादी नेते असानुमा इनेजिरो यांचा एका तरुणाने खून केला. शस्त्र होते आखूड तलवार, पण त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची जी मोहीम देशभर चालली तीत हिगोनोकामीचा धंदा बसला.

तिसरा नमुना सर्वांच्या ओळखीचा, लाल मुठीचा आणि पांढऱ्या क्रॉसचा स्विस चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली श्वित्स परगण्यातील इबाख येथे कारखाना काढला, १८९१मध्ये स्विस सैन्याला शिपायाचे चाकू पुरवले आणि १२ जून १८९७ रोजी अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. त्यात नवे होते ते स्प्रिंगचे कसब. एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंची हत्यारे पेलते, त्यामुळे तेवढ्याच जाडीत बूच काढायचा स्क्रूही बसला. १९०९मध्ये आईच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचे व्हिक्टोरिया हे नाव कारखान्याला दिले. १९२१मध्ये त्याला न गंजणाऱ्या पोलादाचे ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले. परदेशातून येणारा पाहुणा चॉकलेटांबरोबर हा चाकू आणतो, तो वर्षानुवर्षे कपाटात पेटीतच राहतो आणि मग कधीतरी ट्रेकला निघालेला मुलगा तो पळवतो. त्यानंतरच त्याचा खरा उपयोग सुरू होतो.

पोलाद आणि पाणी

चाकूच्या जाहिरातीत पोलादाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरात असते. जुन्या लोहाराला विचारले तर तो पोलादाइतकेच पाण्याबद्दल बोलेल. पाणी देणे म्हणजे पाते तापवून एकदम विझवणे आणि पुन्हा मंद आचेवर नरम करणे. पहिल्या पायरीने पोलाद काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते, दुसरीने त्यातला ठिसूळपणा निघतो. ‘पाणीदार’ हा शब्द मराठीत माणसालाही लावतात, तो इथूनच नीट कळतो. कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. स्विस चाकू ५६च्या आसपास ठेवलेला असतो. त्याची धार लवकर उतरते, पण घराच्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. ६०च्या वर गेलेले पाते धार महिनोन् महिने धरते आणि एकदा बोथट झाले की घाम काढते. भारी पोलादाला वाईट पाणी दिले असेल तर ते साध्या पोलादापुढे हरते. दुर्दैवाने पाणी पेटीवर छापता येत नाही, म्हणून कारखान्याची वर्षानुवर्षांची पत हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा.

साधे कार्बन पोलाद आणि न गंजणारे पोलाद हा खरा निवडीचा प्रश्न. दुसऱ्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असते. ओपिनेल दोन्ही प्रकारांत मिळतो. कार्बनच्या पात्याला धार झटकन चढते आणि वस्तऱ्यासारखी चढते, पण कैरी कापून तसेच ठेवले तर अर्ध्या तासात त्यावर निळे-काळे डाग पडतात आणि पहिल्या काही कैऱ्यांना लोखंडाची चवही येते. महिन्याभरात पाते सगळेच राखाडी होते आणि त्या थराने पुढचा गंज बराच थोपतो. काहींना हे पाते वापरलेल्या तव्यासारखे देखणे वाटते. रत्नागिरीत किंवा मुंबईत, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने मात्र न गंजणारेच घ्यावे.

हातात घेऊन

पाहण्याची पहिली गोष्ट मिटलेल्या चाकूची. पाते खोबणीच्या मधोमध बसते का, टोक मुठीच्या कडेखाली लपते का? टोक केसभर वर राहिले असेल तर रुमालाचे धागे ओढले जातात आणि एक दिवस बोटही. मग पाते उघडून टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवावे. खिळ्यात लचक जाणवली तर तो चाकू ठेवून द्यावा, कारण ती वाढतच जाते. चाकू उजेडासमोर धरला की स्प्रिंग आणि मूठ यांमधली फट दिसते. चांगल्या कामात ती नसते. पाठीवरून नख फिरवले तर पाते, स्प्रिंग आणि मूठ यांच्या सांध्यांवर ते अडखळता कामा नये. आवाजही ऐकावा. उत्तम स्प्रिंग उघडताना आणि मिटताना एकच स्वच्छ ‘टक्’ करते. फ्रान्समधल्या लायोलचे चाकूवाले मात्र पाते आपटून मिटवू देत नाहीत. धार स्प्रिंगवर आदळून दबते असे ते सांगतात. लायोल हे गावाचे नाव आहे आणि त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक चाकू त्या गावचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

पात्याची लांबी सहा ते साडेआठ सेंटिमीटर पुरते. जाडी अडीच मिलिमीटरच्या पुढे गेली की सफरचंद चिरले जात नाही, फाटते. दुकानात जाड पाते हातात भरते आणि घरी आल्यावर नडते.

कायदा

भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात मोडतात; घरकाम, शेती, उद्योग यांसाठीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत राहतो. पण स्थानिक आदेश वेगळे असतात. दिल्लीत १९८०च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याच्या बटनदार आणि गरारीदार चाकूंवर निर्बंध घातले. गरारी म्हणजे उघडताना कर्रकर्र वाजणारे दाते, उत्तर प्रदेशातल्या रामपुरीची ओळख. हिंदी सिनेमाच्या खलनायकांनी रामपुरी इतका मिरवला, की साधा पेरू कापायला चाकू काढणाऱ्याकडेही लोक दचकून पाहतात. खुद्द रामपूर शहराने मात्र २०२३ साली एका चौकात सुमारे २० फुटी रामपुरी उभा केला. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला आणि निवडणुकीत शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यांच्या यादीत सोटे, भाले यांच्याबरोबर सुरेही असतात. विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो सोपवायच्या सामानात ठेवावा लागतो. परदेशी राहणाऱ्यांनी तिथले नियम पाहावेत. ब्रिटनमध्ये विनाकारण बाळगता येणारा चाकू कुलपाविना आणि ३ इंचांपर्यंतच्या धारेचा हवा. जर्मनीत एका हाताने उघडून कुलूप बसणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही.

निगा

धार निसण्यावर लावावी, प्रत्येक अंगाने १५ ते २० अंशांचा कोन राखून. कोन किती यापेक्षा तो शेवटपर्यंत तोच राहणे महत्त्वाचे. एका अंगाने घासत राहिले की दुसऱ्या अंगाला धारेवर बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कड, उभी राहते. अंगठ्याच्या पोटाला ती खरखरीत लागली की पाते उलटवायचे, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठमोरे ओढून बर काढायची. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याचे चाक विळीला ठीक आहे. पातळ पाते त्याच्या ठिणग्यांत तापते आणि धारेजवळचे पाणी उतरते. फळ कापल्यावर पाते पुसूनच मिटवावे, नाहीतर रस खिळ्यात साकळतो. खिळ्याला शिलाई मशीनचे तेल एक थेंब पुरते. खोबरेल टाळावे, ते थंडीत थिजते आणि पाते जड करते. चाकू खाण्याच्या पदार्थांसाठीच असेल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चालते.