हिरव्या कापडाखालची पाटी

क्लबातल्या बिलियर्ड्सच्या टेबलावर हात ठेवला की बोटांना लोकर लागते. खाली लाकूड असेल असं वाटतं, पण असते पाटी! लहानपणी ज्यावर ग म भ न गिरवलं, तोच दगड. मोठ्या टेबलात त्याच्या दीड-दोन इंच जाडीच्या पाच लाद्या शेजारी शेजारी बसवतात. सगळ्याचं वजन टनाच्या वर जातं, म्हणून ही खोली शक्यतो तळमजल्यावर.

खोलीही लहान चालत नाही. खेळायची जागा जेमतेम पावणेबारा फूट बाय सहा फूट, पण चेंडू मारायची काठी, म्हणजे क्यू, जवळपास पाच फुटांची. ती मागे खेचायला चारही बाजूंनी जागा सोडली की हिशेब २२ बाय १६ फुटांवर जातो. मुंबईत तेवढ्यात एक संसार मावतो.

या खोलीचा खरा शत्रू म्हणजे ओल. लाकूड पाणी पितं, फुगतं, वाकतं. चिखलाचे थर दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन पाटीचा दगड बनतो. तो सपाट पापुद्र्यांत सुटतो आणि पाणी जवळजवळ घेतच नाही. (आपला सह्याद्रीचा काळा पाषाण असा सुटत नाही.) लंडनच्या टेबलं बनवणाऱ्या जॉन थर्स्टनने १८२६ च्या सुमारास लाकूड सोडून पाटी धरली, आणि टेबलाचं पोट येणं थांबलं.

कापडाचं मात्र काय करणार? लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प पोटात घेते, तरी हाताला कोरडीच लागते. चेंडूला लगेच कळतं. धागे फुगतात, चेंडू किंचित रुततो आणि मे महिन्यात बरोबर पॉकेटपर्यंत, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकापर्यंत, जाणारा फटका जुलैत वीतभर अलीकडे थांबतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात. थंडी घालवायला नव्हे, कापड वाळतं ठेवायला.

गंमत म्हणजे याच टेबलावरच्या स्नूकर या खेळाचा जन्मच पावसाळ्यातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाने अडकून पडलेल्या अधिकाऱ्यांत नेव्हिल चेंबरलेन या तरुणाने चालू खेळात रंगीत चेंडू वाढवले, असं सांगतात. तेव्हा हीटर नव्हता, एसी नव्हता आणि चेंडू हस्तिदंताचे, म्हणजे तेही ओलीने आकार बदलणारे. त्या पहिल्या डावात किती फटके वीतभर अलीकडे थांबले असतील!