ओकानागनला निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. व्हँकुव्हरजवळच्या सरी आणि बर्नबीहून आमच्या गाडीने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन दरीत येणाऱ्या मंडळींसाठी, त्यातही भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी, ही माहिती.

"कॅनडात म्हणजे स्वेटर लागणारच ना?" हा पहिला प्रश्न असतो. जुलै-ऑगस्टमध्ये लागत नाही. दुपारी पारा कधी कधी ३५ अंशांच्याही वर जातो. महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळतो आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच इथे आहे. पॅसिफिकवरून आलेले ढग वाटेतल्या कोस्ट आणि कॅस्केड डोंगरांवरच रिकामे होतात, म्हणून दरी कोरडी राहते. दरीच्या दक्षिण टोकाच्या ओसोयूस गावी तर निवडुंग दिसतो. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि तहान कळत नाही, म्हणून पाण्याची बाटली हातातच ठेवा. टोपी हवीच.

व्हँकुव्हर ते दरीतलं मोठं शहर केलोना साधारण ३९० किलोमीटर, तेही घाटरस्त्याने. एका दिवसात जाऊन येणारी सहल आम्ही करत नाही. ज्येष्ठांचे फार हाल होतात. तीन रात्री मुक्काम ठेवतो.

ओकानागन सरोवर १३५ किलोमीटर लांब आणि जेमतेम चार-पाच किलोमीटर रुंद आहे. काठ उथळ वाटला तरी सर्वांत खोल जागी ते २३० मीटरांहून खोल आहे. पोहता येत असलं तरी होडीत लाइफ जॅकेट घालावंच लागेल.

नाशिककडची मंडळी द्राक्षतोडणी बघायला जानेवारी-फेब्रुवारीचं विचारतात. इथे तेव्हा वेली निजलेल्या असतात, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. जानेवारी २०२४ मध्ये कडाक्याच्या थंडीने वेलींचे डोळेच (कोंब फुटायच्या कळ्या) गोठले आणि त्या वर्षीचं जवळजवळ सगळं पीक गेलं. काही वायनरींनी (वाईन बनवणाऱ्यांनी) बाहेरून द्राक्षं आणली, म्हणून २०२४ची बाटली घेताना द्राक्षं कुठली ते जरूर विचारा. वाईन चाखायला वय १९ पूर्ण हवं. आमचा चालक एक घोटही घेत नाही.

न पिणाऱ्यांचा दिवस आम्हाला जास्त आवडतो, हे मनापासून सांगतो. जूनअखेर ते जुलै चेरी, मग ऑगस्टमध्ये पीच. बागेत स्वतः तोडायची, वजनावर पैसे द्यायचे. झाडाखाली उभं राहून खाल्लेल्या चेरीची चव दुकानातल्या डब्यात मिळत नाही.

ओसोयूसजवळच्या ठिपक्यांच्या तळ्यात उन्हाळ्यात पाणी आटलं की क्षारांची गोल गोल थारोळी उरतात. सील्ख आदिवासींचं ते पवित्र स्थान आहे. आपण देवराईतून काडीही उचलत नाही, तोच मान इथे द्यायचा. रस्त्यावरूनच बघायचं, कुंपण ओलांडायचं नाही.

अमेरिकेची हद्द तिथून जवळच आहे. फोन तिकडचं नेटवर्क पकडू शकतो, रोमिंग बंद ठेवा.

आता वणव्यांबद्दल. ऑगस्ट २०२३ मध्ये वेस्ट केलोनाला आग लागली, घरं जळली, हजारो लोकांना बाहेर पडावं लागलं. आग दूर असली तरी धूर दरीत साचून राहतो. कोणाला दमा किंवा हृदयविकार असेल तर नोंदणी करतानाच सांगा आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या सामानात नको. प्रशासनाने प्रवास टाळायला सांगितला किंवा हवा बिघडली, तर सहल आम्हीच रद्द करतो आणि पूर्ण पैसे परत देतो. निर्णय निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोनवर कळवू.